आयआयएम अहमदाबादची वसतिगृहं राखायला हवीत, पण लुई कान यांच्या नावाखातर नव्हे

अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधली जुनी वसतिगृहं पाडायची की दुरुस्त करायची, हा वाद डिसेंबर २०२० मध्ये पेटला. तेव्हापासून तो विषय निघाला की दोन्हीकडून तीच दोन वाक्यं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, लुई कान हे विसाव्या शतकातले थोर वास्तुविशारद, त्यांच्या विटेला हात लावणं म्हणजे पाप. दुसरी बाजू विचारते, उद्या एखाद्या मुलाच्या डोक्यावर वीट पडली तर जबाबदार कोण? असा सामना लावला तर पहिली बाजू हरणारच, आणि हरायलाच हवी. कुठल्याही कलाकृतीपेक्षा तिच्या छपराखाली झोपलेल्या मुलाचा जीव मोठा आहे. पण हा सामनाच खोटा आहे. माझं मत असं, की ही वसतिगृहं राखली पाहिजेत, आणि त्याचं कारण कान यांची कीर्ती हे नाही. त्या इमारतींची रचना हे शिक्षणाचं साधन आहे आणि ते अजूनही उपयोगाचं आहे. शिवाय ती पाडण्यासाठी जी कारणं दिली गेली, ती दुरुस्ती अवघड असल्याची कारणं आहेत, अशक्य असल्याची नव्हेत.

आधी घडलं काय ते पाहू. कान यांच्या आराखड्यातल्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून तिथे नव्या इमारती बांधण्यासाठी संस्थेने वास्तुविशारदांकडून प्रस्ताव मागवले. संचालकांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कारणं सांगितली: भिंतींना तडे, छपरातून गळती, विटांना लागलेला लोणा, आतल्या लोखंडाला चढलेला गंज. जगभरातून विरोध झाला, कान यांच्या तिन्ही मुलांनी पत्रं लिहिली आणि १ जानेवारी २०२१ ला संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. अनेकांना वाटलं, प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने तज्ज्ञांच्या सल्ल्याचा हवाला देऊन जीर्णोद्धाराचा मार्ग सोडत असल्याचं आणि पुनर्बांधणीकडे वळत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आरडाओरड्याने मिळालेली सवलत दोन वर्षंही टिकली नाही. ती टिकली नाही, कारण आपण सह्या गोळा केल्या, पण संस्थेच्या मुद्द्यांना उत्तरच दिलं नाही.

या इमारती अहमदाबादेत आल्या कशा, हे माहीत असल्याशिवाय त्यांची किंमत कळत नाही. १९६१ साली संस्था स्थापन झाली त्यामागे शास्त्रज्ञ विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई होते. केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि शहरातले उद्योगपती असा तिघांचा हातभार होता आणि शिकवण्याची पद्धत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलकडून आली. इमारतींचं काम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे आलं होतं. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि पॅरिसला नामवंत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोशींनी ते स्वतःकडे ठेवलं नाही. त्यांनी फिलाडेल्फियाच्या लुई कान यांचं नाव सुचवलं. तरुण वास्तुविशारदाने हाती आलेलं एवढं मोठं काम दुसऱ्याला द्यावं, असं आपल्याकडे किती वेळा घडलं आहे? १९६२ मध्ये कान अहमदाबादला आले आणि पुढची बारा वर्षं येत राहिले. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या माध्यमातून काम चाललं, तिथली तरुण मुलं त्या कामावर शिकली. १७ मार्च १९७४ ला अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनमध्ये कान यांचा मृत्यू झाला. उरलेला परिसर ज्यांनी पुढे नेला ते अनंत राजे मुंबईचे. फिलाडेल्फियात कान यांच्या कार्यालयात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. परिसरातलं व्यवस्थापन विकास केंद्र आणि रवी मथाई सभागृह ही त्यांची कामं. त्यामुळे हा परिसर एका परदेशी प्रतिभावंताने आणून ठेवलेली वस्तू आहे असं मानणं मला पटत नाही. त्यात अहमदाबादचे गिरणीमालक आहेत, स्थानिक भट्टीची वीट आहे, ती रचणारे गवंडी आहेत आणि दोघं मराठी मुलखातून गेलेली माणसं आहेत.

आता वसतिगृहाच्या आत जाऊ, कारण या वादात बोलणाऱ्या बहुतेकांनी बाहेरची गोल भोकं आणि कमानीच तेवढ्या पाहिल्या आहेत. आपल्याकडचं नेहमीचं वसतिगृह कसं असतं? मधून लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला संडास-न्हाणी. कान यांनी बोळच काढून टाकला. एका मजल्यावर दहा खोल्यांचा गट, मध्ये जिना आणि जिन्याला लागून चहाची, बसण्याची ऐसपैस जागा. खोलीतून बाहेर पडलं की माणूस बोळात येत नाही, त्या बैठकीत येतो. जिना आणि न्हाणीघरं अशी बसवली आहेत, की अहमदाबादच्या उन्हाची झळ आणि डोळे दिपवणारा उजेड खोल्यांपर्यंत पोचू नये, पण वारा मात्र आरपार खेळावा. सगळी वसतिगृहं तिरकी उभी केली ती नैर्ऋत्येकडून येणारा वारा पकडायला. हार्वर्डची शिकवण्याची पद्धत प्रत्यक्ष उदाहरणावर चर्चा करण्याची आहे. वर्गात बोलायचं तर आदल्या रात्री चारपाच जणांनी एकत्र बसून ते प्रकरण फोडलेलं असावं लागतं. ते बसायचं कुठे? एका खोलीत दहा जण मावत नाहीत, वाचनालयात मोठ्याने बोलता येत नाही. जिन्यालगतची ती जागा नेमकी यासाठी आहे. अभ्यासाची पद्धत आणि इमारतीचा नकाशा इतके एकमेकांत गुंतलेले मी दुसऱ्या कुठल्या भारतीय वसतिगृहात पाहिलेले नाहीत. नव्या इमारतीला बाहेरून तशाच कमानी लावल्या आणि आत बोळ व दुतर्फा खोल्या केल्या, तर जे वाचवायला हवं होतं तेच गेलेलं असेल. म्हणूनच दर्शनी भाग तेवढा राखू, ही तडजोड मला पाडण्यापेक्षा फारशी बरी वाटत नाही.

विरोधी मुद्दे मात्र कच्चे नाहीत. वीट सगळीकडे एका प्रतीची नव्हती आणि तिच्यात क्षार आहेत. पावसाचं पाणी उघड्या विटांच्या भिंतीत मुरतं, उन्हाळ्यात बाहेर पडतं, येताना क्षार पृष्ठभागावर आणतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. गिलावा नसल्यामुळे हे सगळं विटेवरच होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात परिसराला इजा झाली. १९६०च्या दशकातलं बांधकाम आजच्या भूकंपरोधक मानकांना उतरणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय विद्यार्थी बदलले आहेत. सामायिक न्हाणीघर आज कोणाला नको असेल, मे महिन्यात वातानुकूलन हवं असेल, तर ते चोचले आहेत असं मी म्हणणार नाही. कान यांना जे विद्यार्थी डोळ्यांपुढे होते त्यांत मुली किती होत्या? आज त्या मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या गरजा त्या नकाशात नाहीत. विद्यार्थीसंख्याही त्या काळच्या अंदाजाबाहेर गेली. आणि सर्वांत जड मुद्दा असा, की संस्थेने दुरुस्ती करून पाहिली आणि तरी तडे व गळती पुन्हा दिसू लागली, असं तिचं म्हणणं आहे. बाहेरून सह्यांची पत्रकं पाठवणाऱ्यांना त्या छपराखाली रात्र काढायची नसते. हे सगळं मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

मान्य केल्यावर प्रश्न उरतो, की बिघडलं आहे ते नेमकं काय? इथे एका कमानीकडे जवळून पाहणं भाग आहे. विटेची पसरट कमान आपल्या वजनाने दोन्ही टोकं बाहेर ढकलते. जुन्या वाड्यांत आणि पुलांत हा रेटा पेलायला बाजूला जाड भिंत किंवा भक्कम खांब असत. कान यांनी तसं न करता कमानीची दोन्ही टोकं काँक्रीटच्या तुळईने एकमेकांना बांधली. धनुष्याला दोरी असते तशी ती तुळई. कमान दाब सोसते, तुळई ताण सोसते. ताण सोसायचा म्हणजे तुळईत लोखंडी गज हवेत. आणि गंजतात ते हे गज, तसंच भिंतीत घातलेलं लोखंड. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा मागतं, भोवतालचं काँक्रीट आणि वीट फोडून बाहेर येतं. तडा तिथून सुरू होतो, तड्यातून पाणी शिरतं, पाणी पुन्हा गंज वाढवतं. म्हणजे दोष विटेच्या कमानीच्या कल्पनेत नाही. तो काँक्रीटच्या आवरणात, पाण्याच्या निचऱ्यात आणि लोखंडात आहे. कमानीला टेकू देऊन तुळईतलं सडलेलं काँक्रीट काढणं, गज बदलणं, ते नव्याने ओतणं, छपराचं जलरोधन करणं, सांधे उकरून योग्य चुन्या-सिमेंटाने भरणं ही कामं कष्टाची आणि खर्चाची आहेत. पण त्यांतलं एकही काम अशक्य नाही. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या हजारो आरसीसी इमारतींत ती रोज चालतात. गंज लागला म्हणून दर पन्नास वर्षांनी पाडायचं ठरवलं, तर दादर ते कुलाबा काय उरेल?

आणि ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. संस्थेनेच २०१४ मध्ये स्पर्धा घेऊन मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाकडे जीर्णोद्धाराचं काम सोपवलं होतं. विक्रम साराभाई ग्रंथालयाचं काम २०१८ मध्ये पुरं झालं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. पंधराव्या क्रमांकाचं वसतिगृह नमुना म्हणून दुरुस्त झालं. तडे पुन्हा दिसले असतील, तर पुढचा प्रश्न विचारायला नको का? ते कुठे दिसले, किती रुंद आहेत, वाढतात की थांबलेत, नव्या दुरुस्तीत दिसले की न हात लावलेल्या भागात? नमुना याचसाठी करायचा असतो. पहिल्या प्रयत्नात जे चुकतं ते दुसऱ्या इमारतीत सुधारायचं. नमुन्यात त्रुटी निघाल्या म्हणून सगळा मार्गच सोडणं हे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेला शोभत नाही. तिथल्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष मांडला, तर प्राध्यापक त्याला आकडे मागतील.

हेच आकडे आम्हालाही हवेत. संस्था केंद्र सरकारच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली आहे, जमीन सार्वजनिक आहे. इमारतींची स्थिती काय, हे आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतांशी पत्रांतून आणि निवेदनांतून. संपूर्ण संरचनात्मक अहवाल, इमारतवार, चाचण्यांच्या निष्कर्षांसकट, दुसऱ्या अभियंत्याला तपासता येतील अशा रूपात मांडले पाहिजेत. हा आग्रह कशासाठी, ते मुंबईच्या एस्प्लनेड मॅन्शनवरून कळावं. काळा घोड्याजवळची ती १८६०च्या दशकातली ओतीव लोखंडाची इमारत, जुनं वॉटसन हॉटेल. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं सांगून पाडण्याची शिफारस केली. नंतर संवर्धनतज्ज्ञांनी आणि संरचना अभियंत्यांनी तपासून दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. पहिल्या अहवालाचे अभियंते अप्रामाणिक होते असं नाही. ‘सुरक्षित आहे का’ असं विचारलं की एक उत्तर मिळतं, ‘सुरक्षित कशी करता येईल’ असं विचारलं की दुसरं. अहमदाबादेत कुठला प्रश्न विचारला गेला, हे अहवाल वाचल्याशिवाय कसं कळणार?

काही जण म्हणतील, हे सगळं श्रीमंत देशांचे लाड आहेत. कॅलिफोर्नियातल्या कान यांच्याच साल्क इन्स्टिट्यूटच्या सागवानी खिडक्यांचं संवर्धन गेटी संस्थेच्या मदतीने २०१७ मध्ये पुरं झालं, येल विद्यापीठाने आपल्या कान इमारतीसाठी सविस्तर संवर्धन आराखडा करून काही वर्षांत दुरुस्ती केली, पण त्यांच्याकडे पैसा आहे. बरोबर. पण आयआयएम अहमदाबाद म्हणजे काही एखाद्या तालुक्याचं अनुदानावर चालणारं कॉलेज नव्हे. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख तिथून बाहेर पडलेत आणि अनेकांनी या वसतिगृहांत दिवस काढलेत. त्यांच्यापुढे दुरुस्तीचा नेमका आराखडा आणि खर्च ठेवून पाहिलाय का? मेक्सिको काही अमेरिका नाही. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचा मध्यवर्ती परिसर १९४९ ते १९५२ मध्ये बांधला गेला, २००७ साली तो जागतिक वारसा यादीत गेला आणि आजही तिथे प्रचंड संख्येने विद्यार्थी शिकतात. व्हेनेझुएलातल्या काराकासच्या विद्यापीठ नगरीला तो दर्जा २००० सालीच मिळाला. आधुनिक परिसर वापरात ठेवून राखता येतो, हे अमेरिकेइतक्या श्रीमंत नसलेल्यांनीही मनावर घेतलं आहे.

राखण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. प्रत्येक वीट पवित्र मानू नका. जर्मनीत डेसाऊ इथली बाउहाउस या कला-वास्तुशिक्षणाच्या शाळेची इमारत १९२६ मध्ये उभी राहिली, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तिची प्रसिद्ध काचेची भिंत गेली, १९७६ मध्ये ती नव्याने उभारली आणि १९९६ मध्ये इमारत जागतिक वारसा यादीत गेली. आज आपण पाहतो ती काच मूळची नाही, तरी ती बाउहाउसच आहे, कारण नकाशा, मापं आणि उजेड तेच आहेत. अहमदाबादेतही एखादं वसतिगृह खरोखरच हाताबाहेर गेलं असेल, तर ते उतरवून त्याच नकाशावर, चांगल्या विटेने, न गंजणाऱ्या लोखंडाने पुन्हा बांधावं. दहाच्या गटातल्या दोन खोल्या काढून तिथे न्हाणीघरं वाढवावीत. मुलींच्या सोयीसाठी आतली मांडणी बदलावी. कान यांचे स्वतःचे आराखडे बारा वर्षांत कितीदा बदलले, वसतिगृहांलगत आखलेलं तळं तर कधी खोदलंच गेलं नाही. जादा खोल्या हव्यात तर रस्त्यापलीकडे वास्तुविशारद बिमल पटेल यांच्या कार्यालयाने आखलेला नवा परिसर आहेच, भुयारी वाटेने जोडलेला. वाढ तिथे व्हावी. माझा विरोध १४ इमारती एका फटक्यात, एकाच निविदेत घालवण्याला आहे.

‘शेवटी ही एका अमेरिकनाची इमारत, आपला वारसा कसला?’ हा सूरही मधूनच लागतो. मग मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारती आणि राजाबाई टॉवर कोणाचा? त्यांचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. कान निदान वर्षानुवर्षं येत राहिले, भट्टीवरच्या विटेकडे पाहून आराखडे बदलत राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत त्या गॉथिक इमारतींकडे परक्यांच्या राजवटीची खूण म्हणून पाहिलं जाई. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या आणि आज त्या आपल्या नाहीत असं म्हणायला कोणी धजत नाही. मधल्या काळात त्या पाडल्या असत्या तर? प्रत्येक पिढीला आजोबांच्या काळातलं मोलाचं वाटतं आणि वडिलांच्या काळातलं जुनाट. १९६०-७०च्या इमारती आत्ता नेमक्या त्या धोक्याच्या वयात आहेत.

आणि कायदा त्यांच्या पाठीशी नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याला शंभर वर्षं वयाची अट आहे. दिल्लीत प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांचं १९७२ मधलं काम, एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झालं. वारसा समितीने साठ वर्षांखालच्या इमारतींचा विचार करायचं नाकारलं होतं. न्यूयॉर्कने १९६३ मध्ये आपलं भव्य पेन स्टेशन पाडायला घेतलं, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये शहराने संरक्षणाचा कायदा केला. ते स्टेशन मात्र परत आलं नाही, आणि कान यांचं निधन झालं ते त्याच्या जागी उरलेल्या तळघरातल्या स्थानकात. हॉल ऑफ नेशन्स गेल्यावर आपण कुठला कायदा केला?

महाराष्ट्राने तरी वाट पाहू नये. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) १९६२ मध्ये उद्घाटन झालेली इमारत आहे, पवईला आयआयटीचा परिसर आहे, पुण्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी काळ्या दगडात बांधलेलं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, नव्वदच्या सुरुवातीचं. शंभर वर्षांच्या मापाने आयुकाला संरक्षण मिळायला या शतकाची अखेर उजाडेल. वयाची अट न ठेवता गुणवत्तेवर नोंद करण्याची सोय मुंबईच्या नियमावलीत आहे. तीच सोय विद्यापीठांच्या आधुनिक परिसरांसाठी वापरावी, प्रत्येक परिसराचे मूळ नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी एका ठिकाणी आणाव्यात आणि पाडण्याच्या कुठल्याही प्रस्तावाआधी संरचनात्मक अहवाल जाहीर करणं बंधनकारक करावं. अहमदाबादेत तर हे आजच करता येईल. संस्थेने अठराच्या अठरा वसतिगृहांचे अहवाल खुले करावेत, दुरुस्ती झालेल्या पंधराव्या वसतिगृहाची तपासणी दुसऱ्या अभियंत्यांकडून करून घ्यावी आणि तोवर मुलांना नव्या परिसरात किंवा भाड्याच्या जागेत ठेवावं. सुरक्षिततेचा प्रश्न त्याच दिवशी सुटेल, आणि मग इमारतींविषयी घाई न करता बोलता येईल.